पावसाळ्याच्या बोलीवर शाल

लखूनाना माणसाच्या खांद्यावर शाल घालतात आणि फोटो निघाला की काढून घेतात.

मी या गावात राहायला आलो त्याच महिन्यात मुरूडच्या हमरस्त्यापासून गावात येणाऱ्या डांबरी रस्त्याचं उद्घाटन होतं. मंडप, खुर्च्या, आमदार आणि आमदारांच्या मागे उभं राहण्यासाठीच आलेली माणसं, सगळं यथासांग होतं. नारळ फुटला, फीत कापली. तेवढ्यात गर्दीतून एक काटकुळा म्हातारा पुढे आला. अंगात पांढरा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतची पँट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्याने शाल काढली. मोतिया रंगाची, काठाला बारीक जर. त्याने ती आमदारांच्या खांद्यावर व्यवस्थित घातली. आमदारांनी हात जोडून कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो निघाला. आणि न्हावी केस कापून झाल्यावर गळ्यातलं फडकं काढून घेतो तशी म्हाताऱ्याने ती शाल उचलली, झटकली, घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"नाना, हे काय?" आमदारांनी विचारलं. हात अजून जोडलेलेच होते.

"पावसाळा जाऊ दे, साहेब," म्हातारा म्हणाला. "रस्ता राहिला तर शाल तुमची. मी सोता घरी आनून देईन."

लोक हसले. कॅमेरे समोर असल्यामुळे आमदारही हसले. गोपाळकाल्यापर्यंत निम्मा रस्ता शेजारच्या भाताच्या खाचरात उतरला होता. शाल पिशवीतच राहिली.

ते लखूनाना. तरुणपणापासून पेणकडच्या एका कारखान्यात फिटर होते, आता घरची भातशेती बघतात. पत्नी वारली आहे, मुलगी सासरी आहे. घरात एकटेच असतात. पत्नी कधीकाळी गावची सरपंच होती एवढं मी ऐकून होतो. गावात कुठलंही सरकारी काम झालं, विहिरीचा कठडा असो की शाळेचं छप्पर, की नाना पिशवी घेऊन हजर. शाल घालतात, फोटो काढू देतात, शाल काढतात. बोली एकच. काम एक पावसाळा टिकलं पाहिजे. इतक्या वर्षांत ती शाल कुणालाही कायमची मिळालेली नव्हती.

आता माझ्याविषयी. शालींच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. मी पनवेलच्या एका शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि बायकोच्या माहेरच्या या गावात, तिच्या वाट्याला आलेल्या जागेवर घर बांधून राहिलो. माझ्याकडे लोखंडी कपाट भरून शाली आहेत. निवृत्तीच्या आहेत, गुणवंत शिक्षक म्हणून मिळालेली आहे, वक्ता म्हणून, परीक्षक म्हणून मिळालेल्या आहेत. एक तर मूळ सत्कारमूर्ती आलाच नाही म्हणून मिळालेली आहे. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो. त्यातली एकही कुणी परत मागितलेली नाही, आणि त्यातल्या एकीचीही गावात कुणी चौकशी केलेली नाही. नानांच्या पिशवीतल्या त्या एका शालीबद्दल मात्र पार काशीदपर्यंत लोक बोलतात. स्पष्टच सांगतो, मला नानांचा हेवा वाटतो. पहिल्या दिवशी वाटला आणि पुढे रोज थोडा थोडा वाढत गेला.

कारण सरकारवर टीका हा माझा प्रांत होता. वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात मी उमेदीची वर्षं घातली आहेत. जनतेचा शासनावरचा विश्वास उडाला आहे, हे मी जितक्या प्रकारे लिहिलं तितकं या तालुक्यात कुणी लिहिलं नसेल. माझ्या पत्रांत विश्वास उडाला, ढासळला, रसातळाला गेला. त्याला जाता येण्यासारखी एकही जागा मी शिल्लक ठेवली नाही. कात्रणं मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहेत. पण एवढं लिहून मला कधी कुठल्या साहेबाचा फोन आला नाही.

नानांना येतो. मी स्वतः ऐकलेला आहे. पाणीपुरवठ्याच्या एका साहेबांना नानांनी टाकीच्या उद्घाटनाला शाल घातली आणि रिवाजाप्रमाणे काढून घेतली होती. तो माणूस काहीसा मानी असावा. दसऱ्याला त्याचा फोन आला. नाना आमच्याच ओटीवर चहा पीत बसले होते.

"नाना, टाकी कशी आहे?"

"उभी हाय, साहेब."

"मग शाल?"

"खालच्या अंगाला झिरपते. या बघायला. चहा घेऊ."

साहेब खरंच आले. दिघीहून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीने. गळती पाहिली, ठेकेदाराला तिथूनच फोन लावून झापलं आणि आठवड्यात काम नीट करून घेतलं. मग नानांकडे मोठ्या आशेने पाहिलं. नाना म्हणाले, "झ्याक झालं. आता पुढचा पावसाळा जाऊ दे." पुढचा पावसाळा यायच्या आत साहेबांची बदली झाली. जाताना ते नानांना भेटून गेले. माझं घर वाटेतच आहे, पण गाडी थांबली नाही.

"पावसाळा जाऊ दे" हे नानांचं कुठल्याही गोष्टीवरचं उत्तर आहे. त्यांच्या पुतणीला मांडव्याच्या धक्क्यावरचा मुलगा सांगून आला. बोटीची तिकिटं देण्याचं काम, स्वभाव गोड, पगार वेळेवर. सगळे हो म्हणाले. नाना म्हणाले, "पावसाळा जाऊ दे." पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद असतात, म्हणजे मुलगा घरी असणार. घरी बसलेला पुरुष कसा वागतो ते एकदा बघू, मग मुलगी देऊ. मुलगा पावसाळाभर आईबरोबर लावणीला उभा राहिला. दिवाळीत नानांनी होकार दिला. ती पुतणी आज सुखात आहे, आणि माझी बायको हा किस्सा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मी नवी कवळी बसवली तेव्हा मी ती हसून नानांना दाखवली. ते जवळ आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पावसाळा जाऊ दे, सर."

"कवळीचा आणि पावसाचा काय संबंध?"

"सुके बोंबील तवाच खायचे असतात."

श्रावण लागायच्या आत कवळी पनवेलला दुरुस्तीला गेली. मी कशाने मोडली ते नानांना सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

बायकोचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. नाना आले की मंदा घावणे घालते. मला सकाळी पोहे, नानांना घावणे, वर नारळाचं दूध. ती त्यांना लखूदादा म्हणते, माहेरचं नातं सांगते. मी म्हटलं, "मी सुद्धा या गावचा जावई आहे." ती म्हणाली, "जावई घरचा झाला की पोहेच मिळतात."

मग मी एकदा ठरवलं की शाल हे काही नानांचं वडिलोपार्जित शस्त्र नाही. गावच्या फाट्यावर एसटीसाठी पत्र्याची शेड झाली होती. नाना त्या दिवशी लेकीकडे गेले होते. मी कपाटातून गुणवंत शिक्षकाची शाल काढली. ठेकेदार आला होता, गळ्यात साखळी, डोळ्यांना गॉगल. मी दोन शब्द बोललो, ते थोडे लांबले, मग शाल घातली. फोटो निघाला. मी शाल काढायला हात पुढे केला. ठेकेदाराला वाटलं मला हस्तांदोलन करायचं आहे. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मी दुसऱ्या हाताने शालीचं टोक धरलं. त्याला वाटलं मी ती नीट करतोय. "असू द्या, असू द्या, सर," म्हणत तो गाडीत बसला आणि माझी गुणवंत शिक्षकाची शाल रेवदंड्याच्या दिशेने निघून गेली. आषाढातल्या एका वाऱ्यात शेडचा पत्रा उडून शेजारच्या सुपारीच्या वाडीत पडला.

नाना मला हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, शाल घालताना एक टोक आपल्या मुठीत ठेवायचं." हे त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलं की मला आणखीच राग आला.

आमच्यात खरा सामना झाला तो ग्रामसभेत. देवळासमोरच्या मांडवात सभा भरली होती. मी उभा राहिलो. माझा आवाज मुळात चांगला आहे, सारी शाळा थरथरत असे. मी म्हटलं, या देशात वरपासून खालपर्यंत सगळे चोर आहेत. मंत्री चोर, अधिकारी चोर, ठेकेदार चोर आणि सरपंचही चोर. दूर कशाला जायचं, आपल्या ओढ्यावर तुटके खांब उभे आहेत ते बघा. तिथे साकव होता म्हणतात. एका पावसाळ्यात गेला. कुणी खाल्ला तो साकव? त्या बाईला, त्या बुवाला, जो कोणी सरपंच असेल त्याला, गावाने कधी जाब विचारला?

सभा एकदम शांत झाली. कुणी हलेना. मला वाटलं, भाषण वर्मी लागलं. मी मुद्दाम थोडा थांबलो. परिणाम साधण्यासाठी थांबावं लागतं.

तेव्हा मागून नाना उठले. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा बसल्यासारखा. "सर, सगळे चोर म्हटलं की ज्यानं चोरी केली तो सुटला," ते म्हणाले. "आन ज्यानं न्हाय केली तो अडकला. नाव घेऊन बोला. काम दाखवून बोला. माहीत नसंल तर पावसाळा जाऊ दे."

एवढं बोलून ते पिशवी घेऊन निघून गेले. टाळ्या पडल्या नाहीत, ना त्यांना ना मला. पण माझं अर्ध्या तासाचं भाषण त्या दोन ओळींनी गिळलं, हे मला तिथल्या तिथे कळलं. घरी येऊन मी ती वाक्यं स्वतःच्या एका पत्रात घालण्याचा विचार केला. मग मनाला पटेना म्हणून घातली नाहीत.

आता साकवाविषयी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथेच घडली. आमच्या गावाला ओढा मधोमध कापतो. अलीकडे घरं, पलीकडे शाळा, दवाखाना आणि निम्मी शेतं. उन्हाळ्यात माणसं दगडांवरून जातात. पावसाळ्यात हमरस्त्याने मोठा वळसा घालून जावं लागतं, आणि बाळंतीण असो की ताप भरलेलं पोर, वळसा सगळ्यांना सारखाच. म्हणून ओढ्यावर माणसांपुरता पूल, आमच्याकडे त्याला साकव म्हणतात, तो हवा होता. एक झाला होता आणि वाहून गेला होता. त्याचे दोन खांब ओढ्यात उभे होते. दुसरा मंजूर व्हायला मधे कित्येक पावसाळे गेले.

नाना एरवी प्रत्येक कामावर नजर ठेवून असत, पण त्या खांबांविषयी त्यांच्या तोंडून कधी शब्द आला नाही. तो विषय निघाला की ते भाताच्या रोपांविषयी बोलायला लागत. मला यात त्यांची एक कमजोरी सापडल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या वर्षी नवा साकव मंजूर झाला. कामावर एक तरुण मुलगी आली, ज्युनिअर इंजिनिअर. साताऱ्याकडची, स्कूटरवरून येणारी, पाठीला बॅग, पायात गमबूट. गावात तिला सगळे जेई मॅडम म्हणायला लागले. नाना पहिल्या दिवसापासून कामावर जाऊन बसू लागले. बोलत नसत. बांधावर बसून बघत. मीही जाऊ लागलो, कारण नाना एकटेच जाऊन बसतात हे मला सहन होईना. ठेकेदाराच्या माणसाने एकदा पाया जरा वरच आटपायला घेतला. मॅडमने तो थांबवला, पुन्हा खोदायला लावला आणि दिवसभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी नाना मला म्हणाले, "पोरगी उभी राहाते." नानांच्या तोंडून कुणाची एवढी स्तुती मी तोवर ऐकली नव्हती. माझ्या कवळीची तर नाहीच.

मे महिन्याच्या शेवटी साकवाचं उद्घाटन झालं. पुन्हा मंडप, नारळ, फीत. पाहुण्यांनी भाषणात मॅडमचं नाव घेतलं नाही, त्यामुळे ती मागेच उभी होती. नाना पिशवी घेऊन पुढे आले. सगळ्यांना पुढचा खेळ माहीत होता, फोटोवाल्याने जागासुद्धा घेतली. पाहुण्यांनी मान थोडी पुढे केली. नाना त्यांना ओलांडून थेट मॅडमसमोर गेले आणि शाल उघडली.

मॅडमने हात वर करून त्यांना थांबवलं. "आत्ता नको, नाना," ती म्हणाली. "पावसाळा जाऊ दे."

सारा मांडव हसला. नाना हसले नाहीत. शाल उघडी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती सावकाश घडी केली. घडी नीट बसेना, पुन्हा केली. आणि मी काय करत होतो? मी जळत होतो. गावात येऊन वर्ष न झालेल्या मुलीने नानांचं वाक्य नानांनाच ऐकवलं आणि नाना गप्प झाले. एवढ्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

पावसाळा आला. जुलैत तीन दिवस असा कोसळला की ओढ्याचं पाणी साकवाच्या फळीला टेकलं. दुपारी मी छत्री घेऊन गेलो तर नाना काठावर उभे होते, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. पलीकडे रेनकोटातली मॅडम. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाण्यातून झाडाची फांदी वाहत आली, खांबावर आदळली, अडकली आणि मग फिरून निघून गेली. साकव हलला नाही.

"राहील, नाना," मी म्हटलं. म्हणजे मला वाटत होतं असं नाही, पण त्यांचा चेहरा बघवेना. ओठ पांढरे पडले होते. आणि ते नव्या साकवाकडे बघतच नव्हते. शेजारी दोन जुने खांब होते, पाणी त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं, तिकडे बघत होते.

"घरी चला, भिजताय," मी म्हटलं.

"त्या टायमाला मी हितं नव्हतो, सर," ते म्हणाले. "कारखान्यात व्हतो. आता तरी उभा राहातो."

मला त्याचा अर्थ लागला नाही. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि आम्ही पाणी उतरेपर्यंत थांबलो. माझा उजवा खांदा भिजला, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

दसरा झाला. साकवावर मंडप नाही, पाहुणे नाहीत, फक्त गाव जमलं. शाळेतून पोरं साकवावरूनच आली. मीही इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. का ते सांगतो. कामावर रोज जाऊन बसणारे आम्ही दोघेच होतो, पावसातही मी उभा होतो. मॅडमचा सत्कार झाल्यावर नाना ती शाल नेहमीप्रमाणे काढतील आणि निदान क्षणभर माझ्या खांद्यावर घालतील, एवढी आशा मी धरली होती. म्हातारपणी माणूस अशा आशा धरतो.

नानांनी पिशवीतून शाल काढली. मॅडमच्या खांद्यावर घातली. दोन्ही टोकं पुढे आणून सारखी केली. फोटो निघाला. सगळे नानांच्या हातांकडे बघत होते. नानांनी हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले.

"घेऊन जा, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमने वाकून नमस्कार केला. तिची स्कूटर पलीकडे शाळेजवळ उभी होती. ती शाल तशीच पांघरून साकवावरून चालत गेली. लोक पांगले. नाना मात्र ती पलीकडे पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही तिथेच उभे होते. मला वाटलं, शाल दिल्याचा पश्चात्ताप होतोय. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं.

घरी आलो तो धुमसतच. मंदा तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "दिली. कालच्या पोरीला दिली. मी रोज तिथे जाऊन बसलो त्याचं काही नाही. असं काय होतं त्या शालीत?"

मंदाने सूप खाली ठेवलं. "ती सुमनवहिनींची शाल," ती म्हणाली.

"कोण सुमनवहिनी?"

"लखूदादाची बायको. सरपंच होत्या ना. पहिला साकव त्यांच्या वेळचा. उद्घाटनाला पुढाऱ्यांनी ती शाल त्यांना घातली होती. काम पूर्ण झालं म्हणून सही करा म्हणाले, वहिनींनी विश्वासाने केली. श्रावणात साकव गेला. ठेकेदार सुटला, साहेब सुटला, पुढारी निवडून आला. गावाने वहिनींना धरलं. त्यांच्या हातचं हळदीकुंकू बायका घेईनात. सिमेंट खाल्लं म्हणायचे."

"खाल्लं होतं?"

मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न परत घेतला. "त्यांच्या घराला अजून कुडाची भिंत आहे," ती म्हणाली. "वहिनी त्यानंतर मरेपर्यंत कधी ओढ्याकडून गेल्या नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा हमरस्त्याने वळसा घालून शेतात जायच्या. म्हणायच्या, पावसाळा गेल्यावर घ्यायला हवी होती ही शाल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी? सगळ्या गावाला माहीत आहे."

मला ग्रामसभेतली शांतता आठवली, आणि मी तिथे परिणाम साधण्यासाठी थांबलो होतो तेही आठवलं.

मी कपाट उघडलं. बऱ्याच शाली खालीवर केल्या आणि त्यातल्या त्यात चांगली, लोकरीची एक काढली. दिवेलागणीच्या आधी नानांकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. एक हात खांद्याशी जात होता, जिथे पिशवीचा पट्टा असायचा, आणि रिकामाच खाली येत होता. आतल्या भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, तो मी कितीदा पाहिला होता. आज हार सुकून एका बाजूला सरकला होता. सुती साडी, कपाळाला मोठं कुंकू, आणि खांद्यावर मोतिया रंगाची शाल. शालींतला जाणकार म्हणवणाऱ्या माझ्या ती कधी नजरेस पडली नव्हती.

"नाना, ही घ्या," मी म्हटलं.

त्यांनी शाल मांडीवर घेऊन हाताने चाचपली. "कशाबद्दल मिळाली?"

"एका व्याख्यानाची असावी. आठवत नाही."

"म्हंजे टिकली," ते म्हणाले आणि हसले. मग सवयीने घडी घालून माझ्याकडे परत केली. "पावसाळा जाऊ दे, सर."

मी ती आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. समोरून पोरं साकवाकडून घरी येत होती.

"मॅडमना माहीत आहे, ती कुणाची होती?"

"न्हाय. कशाला सांगायचं? तिनं तिच्या कामाची घेतली."

"पण तुमच्याकडे आठवण म्हणून..."

"आठवन पिशवीत घालून लई फिरवली," नाना म्हणाले. त्यांनी ओढ्याच्या दिशेने पाहिलं. "मॅडम साकवावरून गेली ना, तवा मी मागं व्हतो. मागनं तिचं तोंड दिसंना. नुसती शाल दिसली. आमची सुमन पलीकडं गेली, सर. सगळ्या गावासमोरनं गेली आन कोन काय बोललं न्हाय."

मी बराच वेळ तिथे बसलो. त्यांचा हेवा मला तेव्हाही वाटला, पण कशाचा ते मी त्यांना सांगू शकलो नसतो. मग मंदा वाट बघत असेल म्हणून उठलो. शाल ओटीवरच राहिली. अंगण ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत मी कानोसा घेत होतो, पण ती परत घेऊन जा म्हणून नानांनी हाक मारली नाही.